पहिला खर्च टायरवर: खान्देशातल्या रस्त्यांसाठी गाडीचं हँडलिंग सुधारताना

माझ्या भाच्याने मागच्या दिवाळीत जुनी पोलो जीटी टीएसआय घेतली. गाडी घरी आणली त्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "मामा, आधी गाडी खाली बसवू का?" म्हणजे स्प्रिंग बदलून उंची कमी करू का. स्विफ्ट, आय-20 एन लाइन, व्हर्टस जीटी अशी चालवायला मजा येणारी गाडी हातात आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी त्याला म्हटलं, सहा महिने स्प्रिंगला हात लावू नकोस, आधी गाडीत जे आहे ते नीट करू. आम्ही दोघांनी त्या गाडीवर जे केलं, ज्या क्रमाने केलं, ते इथे सविस्तर लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. तो चुकला की चांगले पार्टही वाया जातात, आणि हे मी स्वतः भोगलेलं आहे.

आधी आपला रस्ता कसा आहे ते पाहू. जळगाव, धुळे, नंदुरबारचा तापीकाठचा पट्टा काळ्या कपाशीच्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. वरचा डांबरी थर कितीही गुळगुळीत केला तरी दोन-तीन पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा होतो. यावल-रावेरकडच्या आतल्या रस्त्यांवर साठ-सत्तरच्या वेगाने गेलात तर गाडी होडीसारखी डुलते, ती यामुळेच. याशिवाय मे महिन्यातलं भुसावळ-जळगावचं 45 अंशांचं ऊन आणि वर्षभराची धूळ. मग घाट: चाळीसगावच्या पुढचा कन्नडचा, म्हणजे औट्रम घाट, धुळे-सुरत रस्त्यावरचा कोंडाईबारी, तोरणमाळचा सातपायरी. ट्रॅकवरच्या गाडीसाठी लिहिलेला सल्ला या रस्त्यांवर जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याला चाक रस्त्याला चिकटून राहायला हवं, आणि त्यासाठी सस्पेन्शनला वर-खाली व्हायला जागा हवी.

गाडी काय सांगते ते आधी वहीत लिहा

एक ओळखीचा रस्ता निवडा. आम्ही पहाटेच्या रिकाम्या वेळेत एकच वीस किलोमीटरचा फेरा ठरवला होता: थोडा महामार्ग, थोडा आतला लाटांचा रस्ता, चार-पाच मोकळी वळणं. घाट यासाठी वापरू नका. तिथे समोरून उसाची ट्रॉली किंवा केळीचा ट्रक कधी येईल सांगता येत नाही, आणि वेग वाढवून तपासणी करायची ती जागाही नव्हे. नेहमीच्या वेगात, प्रत्येक वेळी हवेचा तोच दाब ठेवून, गाडीत तेवढीच माणसं घेऊन फेरा मारा आणि साध्या शब्दांत लिहून ठेवा. वळणात शिरताना नाक उशिरा वळतं का? स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते का? मधल्या खड्ड्यावर मागचं चाक उडी मारतं का? ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? लाटेवरून उतरल्यावर एकदाच दबून थांबते, की दोन-तीनदा डुलते?

भाच्याच्या वहीतली पहिली नोंद होती, "डावीकडे वळताना आधी काहीच नाही, मग एकदम वळते." या एका ओळीने पुढचं निम्मं काम सोपं झालं.

झिजलेलं आधी बदला

सात-आठ वर्षं आपल्या रस्त्यांवर पळालेल्या गाडीचं रबर थकलेलं असतं. अपग्रेड म्हणून नवीन काही लावण्याआधी कंपनीने जे दिलं होतं ते परत मिळवायला हवं. गाडी लिफ्टवर घ्या आणि मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून स्वतः पाहा. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, पहारीने हलकं रेटलं की फाटलेलं रबर दिसतं. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग पाहा. डावी-उजवीकडे हलवून खेळ आला तर टाय रॉड एंड. खड्ड्यात "टक टक" आवाज येत असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची (वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या बारची, म्हणजेच अँटी-रोल बारची) लिंक गेलेली असते आणि तो स्वस्तातला पार्ट आहे. स्टेअरिंग वळवताना वरून कुरकुर येत असेल तर स्ट्रट माउंट (शॉकअप-स्प्रिंगच्या खांबाचा, म्हणजे स्ट्रटचा, वरचा टेकू) आणि त्याचं बेअरिंग.

शॉकअपची तपासणी बॉनेट दाबून करतात. गाडी दीड हेलकाव्यापेक्षा जास्त डुलली तर शॉकअप संपलेला आहे, हे बरोबर. पण अर्धवट संपलेला शॉकअप या परीक्षेत पास होतो. त्यामुळे दोन गोष्टी आणखी बघा: रॉडच्या खाली तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा आहे का, आणि टायरच्या कडेवरून तळहात फिरवला तर उंच-सखल वाटी-वाटीसारखं लागतं का. तसं लागलं तर चाक रस्त्यावर नाचत आलेलं आहे.

भाच्याच्या गाडीत डाव्या लोअर आर्मचं मागचं बुश फाटलेलं निघालं. "आधी काहीच नाही, मग एकदम" याचं कारण तेच. स्टेअरिंग वळवलं की आधी आर्म मागे सरकायचा आणि मग चाक वळायचं. दोन्ही बाजूंची बुशं बदलली तेव्हा गाडी नवीन घेतल्यासारखी वाटली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण बऱ्याच ठिकाणी ती पाळली जात नाही. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा घट्ट करताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर खाली उतरवल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवं बुश काही महिन्यांत फाटतं. मेकॅनिकला हे आधीच नम्रपणे सांगा.

कडक पॉलियुरेथेनची बुशं घ्यावीत का? रोज वापरायच्या गाडीत, आपल्या रस्त्यांवर, मी घेणार नाही. त्यातून प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येतो आणि धूळ शिरली की ती किरकिरतात. कंपनीचं नवं रबर पुरेसं आहे.

टायर: इथे हात आखडू नका

आमच्या भागातला एक वयस्कर अलाइनमेंटवाला गाडी आत घेण्याआधीच म्हणतो, "पहिले टायर दखा भो, मंग बाकीनं." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शन हे सगळं शेवटी तळहाताएवढ्या चार जागांमधून रस्त्यापर्यंत पोचतं. माझ्या मते पहिल्या बजेटमधला निम्मा पैसा इथेच जावा.

सुरुवात जुन्या टायरच्या वयापासून. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. 1424 असेल तर तो टायर 2024 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलाय. खोबणी शिल्लक असल्या तरी आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांचं रबर टणक होतं, आणि टणक रबर पहिल्या पावसात सरळ घसरतं. खोबणीतले खुणेचे उंचवटे 1.6 मिलिमीटरवर असतात. मी 3 मिलिमीटरला टायर बदलतो, कारण मृगाच्या पहिल्या सरीत धूळ, तेल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती यांचा जो लेप रस्त्यावर होतो त्यावर उथळ खोबण्या काहीच करू शकत नाहीत. नवा टायर घेतानाही हे चार आकडे वाचा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नका.

आता साइज. समजा मूळ टायर 185/60 आर15 आहे. रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 60 टक्के म्हणजे 111 मिलिमीटर, आणि 15 इंची रिम. पूर्ण व्यास येतो साधारण 603 मिलिमीटर. त्याच रिमवर 195/55 आर15 घेतला तर व्यास सुमारे 595.5, म्हणजे सव्वा टक्क्याने कमी. स्पीडोमीटर आणि गिअरिंगमध्ये फारसा फरक पडत नाही, बाजू थोडी कडक होते, वळणात शिरताना गाडी चटकन उत्तर देते. पहिला बदल म्हणून हा मला सर्वांत समंजस वाटतो. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ देऊ नका. लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी नको. 82 म्हणजे एका टायरला 475 किलो, 84 म्हणजे 500. वेगाचं अक्षरही तसंच: टी म्हणजे ताशी 190, एच म्हणजे 210.

17 इंची अलॉय दिसायला देखणे असतात हे मान्य. पण बाजूची उंची कमी झाली की खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो, टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि मोठं चाक बहुतेक वेळा जडही असतं. जड चाकाला लाटेवरून परत खाली दाबायला शॉकअपला जास्त कष्ट पडतात. घ्यायचेच असतील तर मूळ मापाचे, पण हलके रिम घ्या. ऑफसेटचा (चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याचा) आकडा मूळच्या जवळचा ठेवा, नाहीतर स्टेअरिंगचा हलकेपणा बिघडतो आणि टायर आतल्या प्लास्टिकला घासतो.

चारही टायर एकदम घेणं जमत नसेल आणि दोनच नवे घ्यायचे असतील, तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून सावरता येतं. मागची सुटली तर बहुतेकांना सावरत नाही.

हवेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे फुकटचं अपग्रेड आहे. कंपनीने सांगितलेला दाब दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण 1 पीएसआयने वाढतो. मे महिन्यात पहाटे 28 अंशांना 32 भरलेला टायर दुपारी 45 अंशांना, गाडी जागेवर उभी असतानाच, 35 च्या आसपास दाखवतो. चालवल्यावर आणखी वर जातो. हे घाबरण्यासारखं नाही, आकडा ठरवताना हे धरलेलंच असतं. गरम टायरमधून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी पहाटे तो कमी हवेवर चालतो, बाजू जास्त वाकतात आणि उन्हात टायर फुटायची वेळ तेव्हाच येते. स्वतःचं एक चांगलं गेज घ्या आणि नेहमी त्यानेच मोजा. पंपावरची गेजं एकमेकांशी जुळत नाहीत. मग पुढच्या-मागच्या चाकांत एक-दोन पीएसआयचा फरक करून फेरा मारून पाहा. मागे दोन वाढवले की बऱ्याच गाड्यांचं नाक वळणात जरा मोकळं होतं. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजू नका, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो.

अलाइनमेंट: कागद हातात घ्या

टायर बसले की अलाइनमेंट. "करून दिलं" यावर समाधान मानू नका, आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. गाडीत अर्धी टाकी पेट्रोल, डिकी रिकामी, हवा बरोबर, आणि जमलं तर चालकाच्या सीटवर कोणी बसलेलं असावं.

पाहायचे तीन आकडे. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत आहेत की बाहेर. रोजच्या गाडीत तो शून्याजवळ ठेवा. पुढे किंचित बाहेर ठेवला तर गाडी वळणात उत्सुकतेने शिरते, पण सरळ रस्त्यावर भटकते आणि टायरची आतली कड खाते. जळगाव-धुळे महामार्गावर रोज जाणाऱ्याने ते करू नये. कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलला आहे का. आत कललेला आकडा उणे लिहितात. बऱ्याच हॅचबॅकमध्ये तो उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असतो, आणि पुढच्या चाकांत उणे एक ते उणे दीडपर्यंत नेला तर वळणातली पकड जाणवण्याइतकी वाढते. अडचण ही, की आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कॅम्बर बदलायची सोय कंपनी देत नाही. ज्या गाडीत स्ट्रट खालच्या नकलला (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो, तिथे एक बोल्ट बदलून कॅम्बर बोल्ट लावता येतो. पकड-पट्टीने जोडलेला असेल तर हा मार्ग नाही. तिसरा कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिलं तर चाक वळण्याचा अक्ष किती कललाय. तो सहसा बदलता येत नाही, पण डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर गाडी कधीतरी आपटलेली आहे एवढं नक्की समजा.

डावा आणि उजवा आकडा सारखा असणं हे मला एकूण आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन्ही बाजूंना सारखी वळणारी गाडी घाटात मनाला स्वस्थता देते.

ब्रेक: उतरतानाचा घाट

मोठी डिस्क, रंगीत कॅलिपर यांची या टप्प्यावर गरज नाही. ब्रेक ऑइल बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळबिंदू घसरत जातो. डॉट 4 चा किमान उकळबिंदू नवीन असताना 230 अंश, पाणी मुरल्यावर 155. डॉट 5.1 चा 260 आणि 180. दर दोन वर्षांनी बदलायचं हे बहुतेकांना माहीत असतं, करत मात्र फार थोडे. डॉट 5 हे नाव सारखं दिसलं तरी ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्या गाडीत घालायचं नसतं.

तोरणमाळहून उतरताना ब्रेक कमजोर वाटले तर दोन लक्षणं वेगळी ओळखा. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळलंय. पहिल्यावर चांगले पॅड हा उपाय, दुसऱ्यावर नवं ऑइल. दोन्ही वेळी त्या क्षणी करायचं ते हेच, की गिअर खाली घेऊन इंजिनच्या जोरावर वेग रोखायचा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून थंड होऊ द्यायचं. चढलात त्याच गिअरमध्ये उतरा ही एसटीच्या चालकांची जुनी शिकवण टर्बो गाडीलाही लागू आहे.

आता शॉकअप आणि स्प्रिंग

इथे माझा स्वतःचा अनुभव. पूर्वीच्या गाडीला मी सर्वांत आधी 35 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लावल्या, जुन्याच शॉकअपवर. शहरात छान दिसायची. लाटांच्या रस्त्यावर मात्र शॉकअपला हालायला जागाच उरली नव्हती. तो खालच्या रबरी बफरवर आदळायचा, आणि वळणाच्या मध्यात असं झालं की ते चाक एकदम कडक होऊन पकड सोडायचं. वर्षाच्या आत पुढचे दोन्ही शॉकअप गळायला लागले.

खाली बसवण्यात आणखी एक गोम आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म साधारण आडवा असतो. गाडी फार खाली आली की तो चाकाच्या बाजूने वर चढतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे गाडी बुटकी होऊनही कलण्याची ओढ वाढते आणि ती दाबायला अजून कडक स्प्रिंग लागते.

म्हणून आधी शॉकअप. मूळ स्प्रिंग ठेवून थोडे जास्त दमाचे, चांगल्या कंपनीचे शॉकअप लावले की लाटांवरचं डुलणं थांबतं आणि ग्राउंड क्लिअरन्सही शाबूत राहतो. काळ्या मातीच्या रस्त्यावर सस्पेन्शनमधला सर्वांत मोठा फायदा मला यातच मिळाला. नेहमी जोडीने बदला, आणि त्याच वेळी स्ट्रट माउंट, बफर व धुळीचं रबरी बूट नवीन घाला. आपल्या धुळीत बूट फाटलेला असेल तर रॉडवर चरे पडून सील जातं.

त्यानंतरही गाडी खाली हवी असेल तर 15 ते 20 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि स्प्रिंग-शॉकअप एकमेकांसाठी बनलेले घ्या. स्प्रिंग कापून देणाऱ्याकडे गाडी नेऊ नका. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की जागेवरून सुटू शकते. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर चांगले असतात, पण त्यांचे आटे दर पावसाळ्यानंतर धुऊन घासले नाहीत तर मातीने जाम होतात. तेवढी निगा होणार नसेल तर साधे शॉकअप बरे.

अँटी-रोल बार

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत साधारण 60 टक्के वजन पुढे असतं, म्हणून नाक बाहेर जाणं हा तिचा स्वभाव. मागे जाड बार लावला की कलणं कमी होतं आणि वळणातला काही भार पुढच्या बाहेरच्या टायरवरून मागच्या बाहेरच्या टायरकडे जातो, त्यामुळे नाक आत येतं. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. भरीव बार 20 चा 22 मिलिमीटर केला तर तो 46 टक्क्यांनी कडक होतो. म्हणून "थोडा अजून जाड" असं करू नका.

हा बदल मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. मागे बार लावलेली गाडी ओल्या उतारावर, वळणाच्या मध्यात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर मागून सुटू शकते. घरातली इतर माणसंही ती गाडी चालवत असतील तर हा बार लावू नका. आम्ही भाच्याच्या गाडीला लावला नाही, कारण ती गाडी माझी बहीणही चालवते. बॉनेटखाली दोन्ही स्ट्रटची टोकं जोडणाऱ्या स्ट्रट बारबद्दल एवढंच सांगतो, की आजच्या गाड्यांची बॉडी मुळातच मजबूत असते आणि फरक क्वचितच जाणवतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ तोडीचे पार्ट बदलणं ही देखभाल झाली. टायरची साइज, रिम किंवा उंची बदलताना आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिलं जपून ठेवा.

प्रत्येक टप्प्यानंतर तोच फेरा, तीच वही. एका वेळी एकच बदल आणि किमान दोन आठवडे त्यावर गाडी चालवा. चाकं काढली असतील तर 50 ते 100 किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर नट पुन्हा तपासा. शॉकअप किंवा स्प्रिंग बदलल्यावर पाचशे किलोमीटरमध्ये सगळं बसतं, तेव्हा अलाइनमेंट दुसऱ्यांदा करा आणि नवा कागद जुन्याच्या शेजारी चिकटवून ठेवा. भाच्याच्या वहीत आता असे तीन कागद आहेत. गाडीची उंची अजून कंपनीने दिली तेवढीच आहे, आणि मागच्या महिन्यात कन्नड घाटातून आल्यावर त्याने लिहिलं, "दोन्ही बाजूंना सारखी."